ट्रससाठी लांडगा, कोकिळा की जनुकं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ई. स्ट्रक्चर्सचा प्रबंध, विषय गोदामाच्या छताचा २४ मीटर गाळ्याचा (दोन आधारांमधलं अंतर) स्टील ट्रस, म्हणजे दांड्यांचा त्रिकोणी सांगाडा. त्याची उंची आधीच ठरवलेली. उद्दिष्टं दोन: वजन कमी आणि डिफ्लेक्शन (भाराखाली येणारा वाक) कमी. गाईड म्हणतात ग्रे वुल्फ, म्हणजे लांडग्यांच्या शिकारीवरून बेतलेला शोध-अल्गोरिदम, वापरा. सीनियर म्हणतो एनएसजीए-२ (जनुकांच्या उत्क्रांतीवरून बेतलेला) आता जुना झाला, दोन अल्गोरिदम जोडून काहीतरी नवं हायब्रिड केलं तरच पेपर निघेल. मग यातला सर्वांत चांगला अल्गोरिदम कोणता?

एनएसजीए-२ घ्या आणि तो विषय तिथेच मिटवा. तुमच्या कामाचा निकाल अल्गोरिदमवर कमी आणि प्रश्न कसा मांडलाय यावर फार जास्त ठरणार आहे. प्रश्नात लिहिलेली मांडणी मला त्याहून काळजीची वाटते, म्हणून उत्तराचा बराचसा भाग तिच्यावरच आहे.

आधी अल्गोरिदमचं संपवतो. एन. श्रीनिवास आणि कल्याणमय देब यांनी १९९४ मध्ये आयआयटी कानपूरमधून एनएसजीए मांडला. २००२ मध्ये देब, प्रताप, अगरवाल आणि मेयारिवन यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती दिली, ती एनएसजीए-२. कल्पना साधी आहे. एखादं डिझाइन दुसऱ्यापेक्षा कुठल्याच उद्दिष्टात मागे नसेल आणि निदान एकात पुढे असेल, तर ते दुसऱ्यावर मात करतं. ज्यांच्यावर कोणीच मात करत नाही ती पहिल्या थरात, ती बाजूला काढल्यावर उरलेल्यांत जी अजिंक्य ती दुसऱ्या थरात, असं क्रमाने. एकाच थरातल्या डिझाइन्समध्ये ज्याच्याभोवती गर्दी कमी त्याला प्राधान्य, म्हणजे पॅरेटो फ्रंट (अजिंक्य डिझाइन्सची रांग) एका कोपऱ्यात गोळा न होता पसरतो. आई-बाप आणि मुलं एकत्र करून त्यांतले सरस पुढच्या पिढीत जातात, त्यामुळे हाताशी आलेलं चांगलं डिझाइन सहसा निसटत नाही. दोन उद्दिष्टांसाठी एवढं पुरतं. उद्दिष्टं चार-पाच झाली की जवळजवळ सगळीच डिझाइन्स अजिंक्य ठरतात आणि थर लावण्याला अर्थ उरत नाही. तेव्हा एनएसजीए-३ किंवा एमओईए/डी बघायचं. तुम्हाला आत्ता त्याची गरज नाही.

ग्रे वुल्फ २०१४ चा, त्याची बहुउद्दिष्ट आवृत्ती २०१६ ची. कोकिळा २००९, वटवाघूळ २०१०, मग देवमासा, पतंग, मुंगीसिंह, सगळे प्राण्यांवरून नाव घेतलेले अल्गोरिदम. मुंग्यांच्या अल्गोरिदमचे जनक मार्को डोरिगो हे स्वतः प्राण्यांच्याच वाटेने आलेले. पण त्यांनी, कामाचो-विलालोन आणि स्टुट्झले यांच्यासोबत, यांपैकी अनेक अल्गोरिदमची समीकरणं प्राण्यांची कातडी काढून तपासली आणि आत मुख्यतः जुन्याच गोष्टी असल्याचं दाखवलं: पार्टिकल स्वार्म (थव्यासारखा शोध), थोडी उत्क्रांती-पद्धत, नावं नवी. केनेथ सोरेन्सन यांनी २०१५ मध्ये याच रूपकांच्या धंद्यावर कडक लेख लिहिला. वेलँड यांनी तर २०१० मध्येच हार्मनी सर्च (संगीतावरून बेतलेला अल्गोरिदम) ही उत्क्रांती-पद्धतीचीच एक विशेष अवस्था आहे असं मांडलं होतं. तेव्हा ‘लांडगा अधिक कोकिळा’ असं हायब्रिड करून पेपर निघेलही, पण जाणकार परीक्षकासमोर तोंडी परीक्षेत त्याचा बचाव करणं अवघड जाईल.

तरी गाईडचा आग्रह असेल तर ग्रे वुल्फ चालवा, मात्र एक चाचणी करून. त्याच्या समीकरणात नेत्याच्या (आतापर्यंतच्या सर्वोत्तम डिझाइनच्या) स्थानाला यादृच्छिक आकड्याने गुणलं जातं, त्यामुळे शोध शून्याकडे ओढला जातो. ट्रसमध्ये शून्य म्हणजे काय? सेक्शनच्या (दांड्यांच्या तयार मापांच्या) यादीतला सर्वांत हलका, कारण क्रमांक हलक्यापासून लागतात! वजन कमी करण्याच्या प्रश्नात हा झुकाव हुशारीसारखा दिसतो. सेक्शनची यादी उलटी करा, सर्वांत जड सेक्शनला पहिला क्रमांक द्या आणि पुन्हा चालवा. प्रश्न तोच आहे, तेव्हा अनेक रनच्या सरासरीने निकालही तोच यायला हवा. फरक पडला तर ती अल्गोरिदमची अक्कल नव्हती, यादीच्या क्रमाची मेहेरबानी होती. हा एवढा तक्ता प्रबंधात टाकलात तर तो तुमच्या हायब्रिडपेक्षा जास्त मोलाचा ठरेल.

आता उद्दिष्टं. वजन विरुद्ध डिफ्लेक्शन ही जोडी पेपरांमध्ये सर्रास दिसते, कारण ती लिहायला सोपी आहे. पण गोदामाच्या ट्रसला डिफ्लेक्शन आणखी कमी झालं म्हणून पैसे कोण देतं? आयएस ८०० या स्टील बांधकामाच्या भारतीय मानकात लवचीक पत्र्याच्या छतासाठी गाळा भागिले २४० अशी मर्यादा आहे, म्हणजे तुमच्या २४ मीटरला १०० मिलिमीटर. ट्रस ९० मिमी वाकतो की ७० मिमी, यात मालकाला काडीचा रस नसतो. ही मर्यादा आहे, तिला मर्यादेच्याच जागी ठेवा.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. हा संघर्ष बऱ्याच अंशी तुम्ही ट्रसची उंची बांधून ठेवल्यामुळे तयार झालाय. कॉर्डमधलं (वरच्या-खालच्या मुख्य दांड्यांमधलं) बल म्हणजे मोमेंट (भाराचा वाकवणारा परिणाम) भागिले उंची. उंची वाढवली की कॉर्ड हलक्या होतात आणि ट्रसही ताठ होतो, दोन्ही उद्दिष्टं एकाच दिशेने सुधारतात. हे चालतं वेबचे (दोन कॉर्डना जोडणारे) मेंबर, म्हणजे दांडे, लांब होऊन बकलिंगमुळे (दाबाखाली बाजूला वाकून निकामी होण्यामुळे) जड पडायला लागेपर्यंत. उंची चल म्हणून मोकळी सोडा, समजा १.५ ते ३ मीटर, आणि तुमचा डौलदार पॅरेटो फ्रंट आखडून छोटा झालेला दिसेल. तो आखडला तर घाबरू नका, तीच खरी माहिती आहे.

वजन आणि कार्बन उत्सर्जन ही जोडीही अशीच फसवी. एकाच प्रतीच्या स्टीलमध्ये कार्बन म्हणजे वजन गुणिले एक स्थिरांक, मग फ्रंट नाहीच, एकच बिंदू. आरसीसीमध्ये सिमेंट आणि सळईचं प्रमाण बदलता येतं म्हणून थोडी जागा मिळते, पण तिथेही किंमत आणि कार्बन बहुतांशी हातात हात घालून चालतात.

मग दुसरं उद्दिष्ट काय घ्यावं? फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जाऊन विचारा. सर्वांत हलका ट्रस म्हणजे दांड्यांच्या प्रत्येक गटाला वेगळा अँगल (एल आकाराचा दांडा). समजा सहा गट, तर सहा मापं, प्रत्येकाचे तुकडे, प्रत्येकाचा वाया जाणारा माल, आणि साइटवर चुकीचा अँगल चुकीच्या जागी लागण्याची शक्यता. वेगवेगळ्या सेक्शनची संख्या हे उद्दिष्ट मला सर्वांत आवडतं. ते वजनाशी खरंच भांडतं, पूर्णांकात मोजता येतं आणि निकाल कोणालाही समजतो: दोनच मापं वापरली तर इतके किलो, तीन वापरली तर इतके, पाच वापरली तर इतके. बहुतेक वेळा दोनावरून तीनावर जाताना वजन झपकन उतरतं आणि नंतर प्रत्येक नव्या मापाने फारच थोडं वाचतं. मालकासमोर ठेवायला याहून चांगला आलेख नाही. वेल्डची एकूण लांबी किंवा सांध्यांची संख्या घेतलीत तरी चालेल.

जाता जाता एक सांगतो, कारण विद्यार्थ्यांना हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे फॅब्रिकेटर सहसा किलोवर दर लावतो. तुम्ही वजन उतरवलं की त्याचं बिल उतरतं, तुकडे आणि वेल्ड मात्र तेवढेच राहतात, कधी वाढतात. म्हणून ‘ऑप्टिमाइज्ड’ ड्रॉइंग पाहून त्याचा चेहरा पडतो आणि पुढच्या वेळी दर वाढवून येतो. मेंबर कमी आणि जरा जाड असलेला ट्रस प्रत्यक्षात स्वस्त पडू शकतो, तो याच कारणाने.

एक बारकावा: दुसरं उद्दिष्ट पूर्णांकात असलं की लोकसंख्येत तीच तीच डिझाइन्स भरत जातात. डुप्लिकेट काढून टाकण्याची सोय चालू ठेवा. किंवा सरळ मापांची संख्या २, ३, ४ अशी बांधून प्रत्येक वेळी फक्त वजनाचा एकउद्दिष्ट प्रश्न सोडवा आणि दोन्ही मार्गांचे निकाल ताडून पाहा.

पुढचा मुद्दा सेक्शनचा, आणि इथेच बहुतेक प्रबंध घसरतात. क्षेत्रफळ हा अखंड चल धरायचा, उत्तर ९.१३ चौरस सेंटिमीटर काढायचं आणि मग जवळचा सेक्शन निवडायचा, हे करू नका. आयएस ८०८ या स्टील सेक्शनच्या मानकातल्या तक्त्यातून चल थेट क्रमांक म्हणून घ्या, आणि त्यातलेही स्टॉकिस्टकडे खरंच मिळणारे. सहा गट आणि प्रत्येकाला ४० सेक्शन धरले तर जोड्या होतात सुमारे ४१० कोटी. शिवाय उंची आणि पॅनेलची संख्या. इतक्या सगळ्या तपासणं शक्य नाही, म्हणून तर हे अल्गोरिदम.

पण यादी कुठल्या क्रमाने लावायची? सगळे क्षेत्रफळाने लावतात. एक उदाहरण बघा. आयएसए (भारतीय मानकाचा अँगल) ७५×७५×६ चं क्षेत्रफळ ८.६६ चौ.सेंमी आणि किमान जायरेशन त्रिज्या (जितकी जास्त तितका बकलिंगला प्रतिकार जास्त) १.४६ सेंमी. आयएसए ६५×६५×८ चं क्षेत्रफळ ९.७६, म्हणजे जास्त, पण त्रिज्या १.२५ सेंमी. परिणामी (बकलिंगसाठी धरायची) लांबी २ मीटर, एफवाय (स्टीलची यील्ड ताकद) २५० मेगापास्कल आणि केंद्रस्थ दाब धरून आयएस ८०० च्या ‘सी’ वक्राने हिशेब केला तर पहिल्याची क्षमता येते सुमारे ५९ किलोन्यूटन आणि दुसऱ्याची ५२. जड अँगल कमी ताकदीचा! अल्गोरिदमला वाटतं की क्रमांक एकाने वाढवला की ताकद वाढेल, आणि प्रत्यक्षात ती उतरते. म्हणजे तुम्हीच शोधाच्या वाटेत खड्डे खणून ठेवलेत. उपाय असा की दाबाखालच्या गटांसाठी वेगळी यादी करा, तिच्यातून असे जड-पण-कमकुवत अँगल आधीच गाळा आणि उरलेले दाबक्षमतेच्या क्रमाने लावा. ताणाखालच्या गटांना क्षेत्रफळाचा क्रम चालतो. एवढ्या एका बदलाने जो फरक पडतो, तो लांडगा सोडून कोकिळा धरल्याने पडत नाही. अँगल एकाच पायाने गसेटला (सांध्याच्या प्लेटला) जोडलेला असेल तर आयएस ८०० चा त्यासाठीचा वेगळा नियम लावायला विसरू नका, वरचे आकडे फक्त तुलनेपुरते आहेत.

लोड केसेस, म्हणजे भारांच्या जोडण्या. यात मी जरा लांबण लावणार आहे, कारण ऑप्टिमायझर हा नियमातली प्रत्येक पळवाट शोधणारा प्राणी आहे. तुम्ही जे तपासत नाही, तिथून तो स्टील काढून घेतो. त्याला डेड लोड (स्वतःचं वजन) आणि लाइव्ह लोड (वापराचा भार) एवढंच दिलंत तर बॉटम कॉर्ड कायम ताणात राहते, मग तो तिला सडपातळ करून टाकतो. कारण ताणाच्या मेंबरला स्लेंडरनेसची (लांबी भागिले जायरेशन त्रिज्या) मर्यादा ४००. पण पत्र्याचं छत हलकं असतं. वारा छताला वर ओढतो आणि ०.९ डेड लोड अधिक १.५ विंड लोड या केसमध्ये बॉटम कॉर्ड दाबात जाते. भिवंडीकडचं गोदाम मुंबईच्या ४४ मीटर प्रतिसेकंद मूळ वेगाने करायचं तर पुण्याच्या ३९ च्या तुलनेत वाऱ्याचा दाब सुमारे २७ टक्क्यांनी जास्त, वेगाचा वर्ग आहे ना. वाऱ्यामुळेच दाबात येणाऱ्या मेंबरला मर्यादा २५०. बॉटम कॉर्डला आडवे टाय (बाजूने धरणारे दांडे) दर ६ मीटरवर असतील तर त्या दिशेची जायरेशन त्रिज्या किमान २४ मिमी हवी. म्हणजे आधीचा ‘ऑप्टिमम’ बाद. आणि टाय जवळ घेतले तर त्यांचं वजनही उद्दिष्टात धरा, नाहीतर ऑप्टिमायझर फुकटचे टाय लावत सुटेल.

बकलिंगची लांबी ही नुसती इनपुट फाइलमधली ओळ नसते. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहराच्या सिव्हिक सेंटरचं स्पेस फ्रेमचं छत बर्फाच्या भाराखाली कोसळलं. काही तासांपूर्वीच तिथे बास्केटबॉलचा सामना पाहायला सुमारे ५,००० माणसं बसली होती. त्या छताचं विश्लेषण संगणकावर झालं होतं. चौकशीत दिसलं ते असं की वरच्या कॉर्डच्या दाबमेंबरना जसा आधार मिळतो असं गृहीत धरलं होतं, तसा प्रत्यक्षातल्या जोडणीतून मिळत नव्हता. तिथे उत्क्रांतीचा अल्गोरिदम वगैरे काही नव्हतं. पण ऑप्टिमायझर नेमक्या अशाच गृहीतकावर जाऊन बसतो, म्हणून ते गृहीतक पर्लिनच्या (पत्र्याखालच्या आडव्या दांड्यांच्या) आणि टायच्या ड्रॉइंगशी ताडून घ्या.

मर्यादा हाताळण्यासाठी पेनल्टी फंक्शन (नियम मोडल्याचा दंड उद्दिष्टात मिळवणं) टाळा. गुणक लहान ठेवला तर नियम मोडणारी डिझाइन्स फ्रंटवर येऊन बसतात, मोठा ठेवला तर शोध सीमेपासून दूर पळतो, आणि चांगली डिझाइन्स नेमकी सीमेवरच असतात. देब यांनी २००० मध्ये दिलेले नियम वापरा: नियमात बसणारं डिझाइन न बसणाऱ्यावर नेहमी मात करतं, दोन्ही न बसणारी असतील तर कमी उल्लंघनाचं जिंकतं. उल्लंघन गुणोत्तरात मोजा, मागणी भागिले क्षमता वजा एक. नाहीतर मेगापास्कलमधला ताण आणि मिलिमीटरमधलं डिफ्लेक्शन यांची बेरीज करून बसाल.

वेळेचा हिशेब आधी करा. १०० ची लोकसंख्या आणि २०० पिढ्या म्हणजे २०,००० विश्लेषणं. निकाल विश्वासार्ह हवा तर वेगवेगळ्या बीजांनी (यादृच्छिक सुरुवातींनी) ३० रन, म्हणजे ६ लाख. प्रत्येक वेळी स्टॅड या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरची फाइल उघडून ५ सेकंद लागत असतील तर पस्तीसेक दिवस मशीन चालू. सपाट ट्रसचा स्टिफनेस मॅट्रिक्स पायथनमध्ये स्वतः लिहिला आणि सगळ्या लोड केसेस एकाच वेळी सोडवल्या, तर एका डिझाइनला कोड तपासणीसह ०.०१ सेकंद लागला तरी सगळं पावणेदोन तासांत उरकतं. स्टॅड शेवटी वापरा, फ्रंटवरच्या निवडक डिझाइन्सची पडताळणी करायला. अल्गोरिदम स्वतः लिहू नका. पायथनसाठी पायमू ही लायब्ररी आहे, त्याच्या कर्त्यांत देब स्वतः आहेत. मॅटलॅबमधलं बहुउद्दिष्ट जीए हेही एनएसजीए-२ चंच रूप आहे.

कोड बरोबर आहे का हे आधी प्रसिद्ध दहा-दांडी ट्रसवर तपासा. अखंड क्षेत्रफळांच्या आवृत्तीत नेहमीच्या भाराखाली सर्वोत्तम वजन ५०६०.८५ पाउंड, म्हणजे सुमारे २,२९५ किलो मानलं जातं. त्याखाली आलात तर आनंद नको, कुठली तरी मर्यादा मोडली आहे. ४२ सेक्शनच्या विविक्त आवृत्तीत ५४९०.७४ पाउंड.

तुलना करायचीच असेल तर पिढ्यांची नको, विश्लेषणांच्या संख्येची करा. सुरतेच्या प्राध्यापक आर. व्ही. राव यांचा २०११ चा शिक्षक-विद्यार्थी अल्गोरिदम प्रत्येक फेरीत प्रत्येक सभासदाचं दोनदा मूल्यमापन करतो. फेऱ्या समान ठेवल्या तर त्याला दुप्पट संधी मिळते. फ्रंटची प्रत हायपरव्हॉल्यूमने (फ्रंटने व्यापलेल्या क्षेत्राने) मोजा, संदर्भबिंदू सगळ्यांना एकच. तीस रनची मध्यका आणि पसारा द्या, विल्कॉक्सन चाचणी (फरक योगायोगाचा नाही ना, हे पाहणारी) लावा. आणि तुलनेत एक रांग निव्वळ यादृच्छिक शोधाची ठेवा. तो जेव्हा फार मागे राहत नाही, तेव्हा कळतं की प्रश्नच सोपा होता.

गाईड किंवा परीक्षक विचारतील: ग्रेडियंट (उताराच्या दिशेने शोधणारी) पद्धत का नाही? रास्त प्रश्न आहे. भूमिती ठरलेली, क्षेत्रफळं अखंड, मर्यादा गुळगुळीत, अशा ट्रसला स्वानबर्ग यांची १९८७ ची एमएमए पद्धत काही डझन विश्लेषणांत उत्तर देते. तिथे २०,००० विश्लेषणं जाळणं ही उधळपट्टीच. निसर्गप्रेरित पद्धतीची गरज सेक्शनच्या विविक्त यादीमुळे, पॅनेलच्या संख्येमुळे, कोडमधल्या पायऱ्यापायऱ्यांच्या नियमांमुळे आहे. उत्तर याच शब्दांत द्या.

शेवटी फ्रंटवरून एक डिझाइन उचलायचं असतं. टॉपसिस (गुण देऊन क्रम लावणारी पद्धत) वगैरे लावून दशांशात क्रमवारी काढण्यात मला अर्थ दिसत नाही, आलेखातला गुडघा (वळणाचा बिंदू) डोळ्यांना दिसतो. त्याच्या आसपासची पाच-सहा डिझाइन्स घ्या आणि प्रत्येकाला जरा छळा. बकलिंगची लांबी १० टक्के वाढवा, दाबमेंबरना थोडा वाक द्या, एखादा टाय काढा. सगळे मेंबर एकाच वेळी ०.९९ वापरावर टेकलेला ट्रस दिसायला सुंदर असतो. पण अनेक बकलिंग एकाच भारावर आणली की रचना बांधणीतल्या छोट्या दोषांनाही हळवी होते, हे थॉम्पसन आणि हंट यांनी १९७४ मध्येच दाखवून ठेवलंय. या छळात जे सर्वांत कमी बिघडतं ते निवडा, मग ते फ्रंटच्या थोडं आतलं असलं तरी चालेल. त्याचं ड्रॉइंग काढताना टॉप कॉर्ड प्रत्येक नोडला पर्लिनने धरली जाईल आणि बॉटम कॉर्डचे टाय गणितात धरलेल्या अंतरावरच बसतील, ही टीप ठळक अक्षरांत लिहा.